रक्तातली चरबी, पेशींचं वय आणि जन्माच्या वेळची ईश्वरचिठ्ठी

लॅबवाला_आर्वी
सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्यात मागे एका शिबिरात 'तुमच्या पेशींचं खरं वय ओळखा' अशी पत्रकं वाटली गेली. तेव्हापासून लिपिड प्रोफाईलचा रिपोर्ट न्यायला आलेली माणसं हमखास विचारतात, की कोलेस्टेरॉल वाढलं म्हणजे पेशी म्हाताऱ्या झाल्या का? आणि ते उतरवलं तर पुन्हा जवान होतील का? एक जण तर कापसाच्या चुकाऱ्यातून पैसे बाजूला काढून ती महागडी चाचणी करायला निघाला होता. मी बायोकेमिस्ट्री शिकलेला माणूस आहे, हा विषय मला जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पत्रकातलं 'पेशींचं वय' म्हणजे टेलोमिअरची लांबी. आपल्या प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं पुन्हा पुन्हा, शेकडो वेळा लिहिलेली असतात. त्या टोकाच्या भागाला टेलोमिअर म्हणतात. पेशी विभागली की त्यातला थोडा भाग कमी होतो, आणि फारच आखूड झाला की पेशी विभागायचीच थांबते. माणसाच्या पेशी काचेच्या भांड्यात साधारण ४० ते ६० वेळा विभागून थांबतात, हे लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवलं होतं. पुढे टेलोमिअर आणि ते लांबवणारं टेलोमरेज हे एन्झाइम यांचा उलगडा केल्याबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चं नोबेल मिळालं. मोठ्या माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत ही लांबी वर्षाला सरासरी २० ते ४० अक्षरांनी घटते.

आता चरबीचा संबंध. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) जास्त आणि एचडीएल ('चांगलं' म्हटलं जाणारं कोलेस्टेरॉल) कमी असलेल्यांचे टेलोमिअर सरासरीने आखूड, असं पुष्कळ पाहण्यांत दिसलं आहे. पत्रकवाल्यांनी इथूनच उडी मारली. पण नुसत्या पाहणीतून तीन वेगवेगळ्या गोष्टी निघू शकतात. चरबीमुळे टेलोमिअर झिजत असतील, कारण टेलोमिअरमधलं जी हे अक्षर ऑक्सिडेशनला लवकर बळी पडतं. किंवा उलटं असेल, म्हणजे पेशी थकल्यामुळे शरीराचा चरबीचा व्यवहार बिघडत असेल. किंवा तिसरंच काही दोन्ही बिघडवत असेल. आपल्याकडे तिसरं शोधायला लांब जावं लागत नाही. दिवसाला चार-पाच खर्रे (सुपारी-तंबाखूच्या पुड्या) खाणारा, रात्री ओलिताला जागणारा, साखरेची तपासणी कधीच न केलेला माणूस डोळ्यासमोर आणा. त्याची चरबीही बिघडलेली असणार आणि टेलोमिअरही आखूड असणार. दोष कोणाच्या माथी मारायचा?

इथे जनुकशास्त्र कामाला येतं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोघांना सारखी मतं पडली की लहान पोराच्या हातून ईश्वरचिठ्ठी काढतात. चिठ्ठी कोणाकडे किती एकर आहे, कोण खर्रा खातो हे पाहत नाही. आईबापाकडून कोणतं जनुक मुलाकडे येईल हेही असंच, गर्भधारणेच्या वेळी चिठ्ठीने ठरतं. काहींना जन्मतःच एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हटलं जाणारं कोलेस्टेरॉल, थोडं जास्त ठेवणारी चिठ्ठी निघते, काहींना कमी ठेवणारी. मग लाखो लोकांत फक्त एवढंच पाहायचं, की जास्तवाल्यांचे टेलोमिअर खरंच आखूड निघतात का. खर्रा, जागरण, गरिबी ही चिठ्ठी काढल्यानंतर आलेली असतात, त्यामुळे ती दोन्ही गटांत साधारण सारखीच वाटली जातात. आणि म्हातारपण मागे जाऊन जनुक बदलू शकत नाही, म्हणजे उलट्या दिशेची शंकाही मिटते.

या पद्धतीला मेंडेलियन रँडमायझेशन म्हणतात, आणि तिची मूळ कल्पना कोलेस्टेरॉलवरूनच निघाली. कोलेस्टेरॉल कमी असलेल्यांना कॅन्सर जास्त होतो असं तेव्हा काही पाहण्यांत दिसत होतं. कमी कोलेस्टेरॉलमुळे कॅन्सर, की लपलेल्या कॅन्सरमुळे कोलेस्टेरॉल उतरलेलं? मार्टेन काटान यांनी १९८६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून सुचवलं, की एपीओई या जनुकाच्या प्रकारावरून काहींचं कोलेस्टेरॉल जन्मापासूनच कमी असतं, तेव्हा कॅन्सरच्या रुग्णांत तो प्रकार जास्त आढळतो का ते पाहा. पुढे २००३ मध्ये जॉर्ज डेव्ही स्मिथ आणि शाह इब्राहिम यांनी ही पद्धत नीट मांडली, आणि जनुकांच्या मोठ्या नोंदी हाती आल्यावर ती जगभर पसरली.

तुमचे प्रश्न विचारा. जमेल तसं उत्तर देतो.

तुरीचं_वावर
सोमवार, रात्री १०:०५

भाऊ, लय चांगलं लिवलं. पन मले एक गोष्ट समजून नाही राहिली. आमचा बुढा पंच्याऐंशी वर्सं जगला. सन असो का पंगत, तर्री वाढली का ताटात वरून अजून तेल ओतून घे. कोलेस्टेरॉल काय असते हे त्याले माहीतच नव्हतं. आन् बाजूच्या वावरातला पोट्टा बेचाळिसाव्या वर्षी धुऱ्यावरच गेला. ना दारू, ना खर्रा, अंगानं सुकडा. मंग हे चिठ्ठीचंच काम समजाचं का? आन् चिठ्ठीच असन तर माणसानं पथ्य पाळून काय फायदा?

आशाताई_समुद्रपूर
सोमवार, रात्री १०:४८

दादा, चिठ्ठीचं मला लगेच समजलं, कारण सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या कामात आम्ही हेच समजावून सांगतो. नवरा-बायको दोघंही एएस, म्हणजे वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस, म्हणजे आजार असलेलं, निघण्याची शक्यता चारात एक. लोकांना वाटतं पहिलं मूल एसएस निघालं म्हणजे पुढची तीन सुटली. तसं नसतं हो. दर वेळी चिठ्ठी नव्याने निघते. हे एका सुनेला समजावता समजावता माझी सगळी दुपार गेली होती, तरी तिची सासू मानायला तयार नव्हती.

तर माझा प्रश्न असा, की कोलेस्टेरॉलचंही असंच एकाच जनुकावर ठरतं का?

लॅबवाला_आर्वी
मंगळवार, सकाळी ७:३०

आशाताई, दोन्ही प्रकार आहेत. बहुतेकांचं कोलेस्टेरॉल शेकडो ठिकाणच्या बारीक बारीक बदलांनी ठरतं, एकेकाचा वाटा अगदी थोडा. २०२१ मध्ये ग्लोबल लिपिड्स जेनेटिक्स कन्सॉर्शियमने साडेसोळा लाख माणसांची माहिती एकत्र करून ही ठिकाणं शोधली. पण काही घराण्यांत एकाच जनुकातला मोठा बिघाड पुरतो. एलडीएलच्या रिसेप्टरचं, म्हणजे पेशीवर ते पकडणाऱ्या प्रथिनाचं, जनुक बिघडलं तर यकृत रक्तातलं एलडीएल नीट उचलत नाही. हा रिसेप्टर शोधल्याबद्दल मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल आहे. सिकलसेलशी फरक एवढाच, की तिथे एक बिघडलेलं जनुक असलेला वाहक सहसा ठीक राहतो. इथे एकानेही काम बिघडतं.

तुरीचं_वावर, तुमचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, म्हणून पीसीएसके-९ ची गोष्ट सांगतो. हे जनुक एलडीएलचे रिसेप्टर मोडीत काढणारं प्रथिन बनवतं. २००३ मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांत हे जनुक जादा काम करताना सापडलं, त्यांचं कोलेस्टेरॉल खूप वाढलेलं होतं. मग हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांनी डलासमध्ये उलटं शोधलं, की हे जनुक बंद पडलेली माणसं आहेत का? निघाली. २००६ च्या त्यांच्या अभ्यासात अशा आफ्रिकन-अमेरिकन लोकांचं एलडीएल सरासरी २८ टक्के कमी होतं आणि हृदयविकाराचा धोका ८८ टक्के कमी. २८ टक्क्यांना ८८! औषधाने एलडीएल तेवढंच उतरवलं तरी इतका फायदा होत नाही. कारण त्यांचं एलडीएल जन्मापासून कमी होतं, साठाव्या वर्षी गोळी सुरू केल्यावर नाही. २०१२ मध्ये ब्रायन फेरन्स यांच्या गटाने हिशोब मांडला, की जन्मापासूनच्या कमी एलडीएलचा फायदा, तेवढंच एलडीएल उशिरा गोळीने उतरवल्याच्या सुमारे तिप्पट.

आणि पथ्याचं म्हणाल तर, चिठ्ठीत निघतो तो कल असतो, मरणाची तारीख नसते. चिठ्ठी उलटी पडली तरी तिच्यावर उपाय करता येतो, हे याच गोष्टीने सिद्ध केलं. त्या माणसांत हे जनुक बंद पडल्याने जन्मतः जे होत होतं तेच करणारी इंजेक्शनं २०१५ मध्ये बाजारात आली.

तुमच्या शेजारच्या मुलाबद्दल वाईट वाटलं. त्याच्या भावंडांचं एलडीएल तपासलं आहे का?

गणितमास्तर_दर्यापूर
मंगळवार, दुपारी ४:१५

लेख आवडला, पण ईश्वरचिठ्ठी दिसते तितकी स्वच्छ असेलच असं नाही, म्हणून दोन शंका मांडतो.

पहिली. एकच जनुक दोन कामं करत असेल तर? समजा एका बदलाने एलडीएल वाढतं आणि त्याच बदलाने, चरबीला मध्ये न घेता, टेलोमिअरही आखूड होतात. मग आपण चरबीला दोष देऊ आणि चरबी बिचारी निर्दोष असेल.

दुसरी. चिठ्ठी एका घरापुरती खरी असते. पण आपण शेकडो वर्षं जातीत आणि पोटजातीत लग्नं करत आलो. एका समाजात एक जनुक जास्त, दुसऱ्यात कमी, आणि त्या दोन समाजांची जमीन, अन्न, शिक्षण सगळंच वेगळं. सगळ्यांना एका ढिगात घातलं तर जनुकाच्या नावाखाली गरिबीच मोजली जाईल. हे कसं टाळतात?

मोर्शीची_मी
मंगळवार, रात्री ११:२०

मास्तर, दोन्ही शंका बरोबर जागी आहेत. मी पुण्यात बायोस्टॅटिस्टिक्समध्ये संशोधन करते, माहेर मोर्शीचं. हेच माझं रोजचं काम आहे.

एका जनुकाची दोन कामं, ही या पद्धतीची खरी दुखरी नस. सगळ्यात ठळक उदाहरण एपीओई, म्हणजे काटान यांनी सुचवलेलंच जनुक. त्याचा ई-४ प्रकार एलडीएलही वाढवतो आणि अल्झायमरचा धोकाही. म्हणून आम्ही हिशोब एकदा एपीओई धरून करतो आणि एकदा ते वगळून. ते वगळल्यावर निकाल कोसळला, तर तो चरबीचा नव्हता, एपीओईचा होता. शिवाय एकाच जनुकावर विसंबत नाही. शंभर ठिकाणचे बदल घेतले आणि प्रत्येक जण आपापल्या मार्गाने एलडीएल वाढवत असताना टेलोमिअर त्याच प्रमाणात आखूड होत गेले, तर संशय घट्ट होतो. काही बदल एका बाजूला ओढतात आणि काही दुसऱ्या, असं झालं तर हात आखडता घ्यावा लागतो. ही ओढाताण मोजायची एमआर-एगर नावाची पद्धत २०१५ मध्ये आली.

आणि हिशोब दोन्ही दिशांनी करतात. आधी चरबीची जनुकं घेऊन टेलोमिअर पाहायचे, मग टेलोमिअरची जनुकं घेऊन चरबी आणि आजार पाहायचे. टेलोमिअरच्या बाजूची माहिती आता भरपूर आहे. ब्रिटनच्या यूके बायोबँकने २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाची सुमारे ५ लाख माणसं नोंदवली. त्यांतल्या ४ लाख ७२ हजार जणांचे टेलोमिअर मोजून २०२१ मध्ये वेरियन कॉड आणि सहकाऱ्यांनी लांबीशी जोडलेली १३८ ठिकाणं शोधली.

या दिशेने निघालेला निकाल पत्रक वाटणाऱ्यांनी जरूर वाचावा. जन्मतः टेलोमिअर आखूड असलेल्यांना हृदयाच्या धमन्यांचा आजार थोडा जास्त होतो, हे खरं. पण जन्मतः लांब असलेल्यांना काही कॅन्सर जास्त होतात. फिलिप हेकॉक यांच्या गटाने २०१७ मध्ये ३५ प्रकारचे कॅन्सर आणि ४८ इतर आजार यांवर हे तपासलं. मेंदूतला ग्लायोमा, त्वचेचा मेलानोमा, फुप्फुसाचा अॅडेनोकार्सिनोमा, यांत लांब टेलोमिअरवाल्यांचा धोका वाढलेला दिसला. कारण सरळ आहे. जी पेशी जास्त वेळा विभागू शकते, तिला बिघडायलाही जास्त संधी मिळते. लांब म्हणजे जवान आणि जवान म्हणजे निरोगी, हे समीकरण इथेच मोडतं.

समाजांच्या प्रश्नावर. जनुकीय नात्याचा हिशोब आकडेमोडीत धरतात. त्याहून चांगला उपाय म्हणजे सख्ख्या भावंडांची तुलना, कारण तिथे घर एकच आणि चिठ्ठी मात्र प्रत्येकाची वेगळी. पण मला जास्त सलतं ते दुसरंच. त्या साडेसोळा लाखांत युरोपीय वंशाबाहेरचे फक्त साडेतीन लाख. जगातला दर सहावा माणूस भारतीय, आणि या नोंदींत आपण मूठभर. जीनोम इंडिया प्रकल्पातून १० हजार भारतीयांचे जीनोम वाचले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमधून संशोधकांना खुली झाली. मोठी गोष्ट आहे ही. पण चिठ्ठीचा हिशोब करायला जनुकांसोबत त्याच माणसांची चरबी, साखर, आहार आणि पुढच्या वीस वर्षांची प्रकृतीही लिहून ठेवावी लागते. तशी नोंद मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीतल्या माणसाची होत नाही, तोवर आपण दुसऱ्यांच्या आकड्यांवरून स्वतःबद्दल अंदाज बांधत राहणार.

गणितमास्तर_दर्यापूर
बुधवार, सकाळी ६:५०

भावंडांची तुलना! हे सुचायला हवं होतं. धन्यवाद. बारावीच्या वर्गात संभाव्यता शिकवताना हेच उदाहरण घेणार.

तुरीचं_वावर
बुधवार, सकाळी ८:१०

लॅबवाले भाऊ, त्या पोट्ट्याच्या मोठ्या भावाले काल फोन केला. तपासलं नाही म्हने कोनीच. बाप बी पन्नाशीच्या आतच गेला होता हे त्यानंच सांगतलं. शनिवारी घेऊन येतो त्याले.

आन् ताई, जवसाबद्दल काही सांगा न. आमच्या घरी चटणी रोज असते. रक्त पातळ होते, चरबी जाते असं सगळे म्हनतात. तुमची चिठ्ठी जवसाबद्दल काय म्हनते?

मोर्शीची_मी
बुधवार, रात्री ९:३५

दादा, जवसाबद्दल चिठ्ठी खरंच बोलते.

जवसात अल्फा-लिनोलेनिक हे ओमेगा-३ भरपूर असतं. पण ते वनस्पतीतलं, आखूड. माशांत मिळणारं लांब ओमेगा-३ शरीराला त्यातून स्वतः बनवावं लागतं, आणि ते बनवणारी एन्झाइमं एफएडीएस-१ आणि एफएडीएस-२ या जनुकांतून येतात. काही माणसांत ही जनुकं जोरात चालतात, काहींत हळू. २०१६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या गटाने एफएडीएस-२ मधला एक बदल पुण्यातल्या आणि अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या लोकांत तपासला. तेलबियांतल्या चरबीपासून लांब चरबी बनवायला मदत करणाऱ्या प्रकाराच्या दोन्ही प्रती पुण्यातल्या ६८ टक्के लोकांत निघाल्या, कॅन्ससमध्ये १८ टक्के. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहार करणाऱ्या समाजांत हा प्रकार टिकून वाढला, असं त्यांनी मांडलं.

गंमत म्हणजे मास्तरांच्या पहिल्या शंकेचं हेही उत्तम उदाहरण. एफएडीएसच्या या एकाच ठिकाणामुळे ट्रायग्लिसराइड, एचडीएल, एलडीएल आणि ओमेगा-६ सगळंच हलतं. हे ठिकाण हिशोबात घेतलं, तर नेमकी कोणत्या चरबीची परीक्षा चालू आहे तेच सांगता येत नाही.

चटणी खुशाल खा. पण त्या जवसात तेल आणि मीठ किती पडतं, तेही बघा. आणि कोणी डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर चटणीच्या भरवशावर ती बंद करू नका.

पीएचसी_डॉक्टर
गुरुवार, दुपारी २:२५

उशिरा लिहितोय, ओपीडी संपायला हीच वेळ होते. धागा वाचून आनंद झाला. वैद्यकीय बाजूने थोडी भर घालतो.

वरचा 'अंगानं सुकडा' हा उल्लेख महत्त्वाचा आहे. आपल्याकडे बारीक माणसाला कोलेस्टेरॉल नसतं अशी पक्की समजूत आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकापासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा आणि बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं वजनाने कमी, पण अंगात चरबीचं प्रमाण जास्त, असं त्यात दिसलं. मोठेपणीही हाच साचा राहतो. पोट थोडंसंच सुटलेलं, हातपाय बारीक, आणि रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड वर, एचडीएल खाली.

एचडीएल कमी म्हणून घाबरणाऱ्यांसाठी, चिठ्ठीने तिथेही मोठा निकाल दिला आहे. एचडीएलला 'चांगलं कोलेस्टेरॉल' म्हणतात म्हणून ते वाढवणारी औषधं बनवली गेली. त्यातल्या टॉर्सेट्रापिबची चाचणी २००६ मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होत होते. मग २०१२ मध्ये लॅन्सेटमध्ये अभ्यास आला, की ज्यांना जन्मतः एचडीएल जास्त ठेवणारं जनुक मिळालं त्यांना हार्ट अटॅक कमी येतच नाहीत. म्हणजे कमी एचडीएल ही खूण असते, गुन्हेगार दुसराच. ही पद्धत आधी वापरली असती तर कितीतरी पैसा आणि काही जीवही वाचले असते, असं माझं मत आहे.

सिकलसेलवरून एक. एएस किंवा एसएस असलेल्यांचा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारा आकडा, काही पद्धतींत चुकीचा येतो. आशाताई, तुमच्या यादीतल्या वाहकाला साखरेचा संशय असेल, तर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तपासायला सांगा, नुसत्या एचबीए१सीवर विसंबू नका.

आशाताई_समुद्रपूर
गुरुवार, रात्री ८:४०

डॉक्टरसाहेब, हे एचबीए१सीचं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. उद्याच्या बैठकीत मांडते.

अजून एक विचारायचं होतं. आमच्या गावात एक बाई आहे, वय असेल चौतीस-पस्तीस. तिच्या दोन्ही टाचांच्या मागची शीर बोटाएवढी जाड झाली आहे, हाताला कडक लागते. चप्पल घासून झालं असेल म्हणून मी सोडून देत होते. पण तिचा भाऊ चाळिशीच्या आत हार्ट अटॅकने गेला हे मला माहीत आहे, आणि हा धागा वाचल्यापासून तेच डोक्यात फिरतंय. काही संबंध असेल का?

पीएचसी_डॉक्टर
गुरुवार, रात्री ९:०२

ताई, असू शकतो. तिला या आठवड्यातच पाठवा. टाचेमागच्या शिरेत (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) कोलेस्टेरॉल साचून ती जाड होते, त्याला टेंडन झँथोमा म्हणतात. लॅबवाल्यांनी वर सांगितलेल्या घराण्यातल्या बिघाडाची, म्हणजे फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमियाची ती फार बोलकी खूण आहे. तिच्या डोळ्यांच्या बुबुळाभोवती पांढुरकी कडा दिसते का तेही पाहा. म्हाताऱ्यांत ती असतेच, पण पंचेचाळिशीच्या आत दिसली तर महत्त्वाची.

जगभरात साधारण २५० ते ३०० माणसांत एकाला हा बिघाड असतो. आजार नक्की ठरला तर तिच्या प्रत्येक मुलाला तो असण्याची शक्यता दोनात एक. भाऊ गेला आहे, पण त्याची मुलं असतील तर त्यांनाही बोलवा. आणि ती गरोदर आहे का किंवा तसा विचार आहे का, हे आधीच विचारून ठेवा, कारण स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी सुरू करण्याआधी मला ते कळायला हवं.

नवीन_सभासद_वणी
शुक्रवार, सकाळी १०:३०

टेलोमिअर लांब करणाऱ्या गोळ्या ऑनलाइन मिळतात. वडिलांसाठी मागवू का? त्यांचं वय सत्तर, बीपी आहे, तंबाखू आहे.

मोर्शीची_मी
शुक्रवार, दुपारी १:१५

माझं स्पष्ट मत, मागवू नका. लांब टेलोमिअर आणि कॅन्सर यांचा संबंध मी वर लिहिला आहे, आणि तुमच्या वडिलांना तर तंबाखूही आहे.

आयुष्यावरच्या अभ्यासात काय निघालं ते सांगते. २०१९ मध्ये पॉल टिमर्स आणि सहकाऱ्यांनी दहा लाखांहून जास्त आईवडिलांचं वय आणि त्यांच्या मुलांची जनुकं जुळवून पाहिली. आयुष्याशी ठळकपणे जोडलेल्या ठिकाणांत एपीओई होतं, लायपोप्रोटीन-ए ठरवणारं एलपीए होतं, म्हणजे रक्तातल्या चरबीचीच जनुकं. आणि त्यांच्यासोबत निकोटीनच्या रिसेप्टरचं जनुक. तुमच्या वडिलांसाठी याहून थेट उत्तर मला देता येणार नाही. गोळ्यांचे पैसे वाचवा, तंबाखू सोडवण्यासाठी मदत घ्या, बीपीची गोळी चुकवू देऊ नका.

लॅबवाला_आर्वी
शुक्रवार, रात्री ९:५०

मोर्शीच्या ताईंनी माझं अर्धं काम केलं. आता लॅबच्या खिडकीतून.

पत्रकातली चाचणी पांढऱ्या पेशींतल्या टेलोमिअरची सरासरी सांगते. त्या पेशींचं मिश्रण संसर्ग झाला की बदलतं, आणि दोन लॅबचे आकडे एकमेकांशी सहसा जुळत नाहीत. ही लांबी बरीचशी वारशाने येते. बायकांची पुरुषांपेक्षा सरासरीने जास्त असते, आणि बाप जास्त वयाचा असताना जन्मलेल्या मुलांचीही जास्त असते. हजारो माणसांच्या अभ्यासात या आकड्याला मोल आहे. एकट्या माणसाला त्यावरून काय करायचं ते ठरवता येत नाही.

त्यापेक्षा लिपिड प्रोफाईल नीट करा. रक्त देण्याआधी दहा-बारा तास काही खाऊ नका, पाणी चालतं. लग्नसराईत पंगतीहून थेट आलेल्यांचं रक्त मी मशीनमध्ये फिरवतो तेव्हा वर येणारं सीरम पिवळसर आणि पारदर्शक नसतं, पार दुधाळ असतं, नळीमागची अक्षरं दिसत नाहीत. अशा नमुन्यावर पुष्कळ लॅबमधला एलडीएलचा आकडा चुकतो, कारण तो मोजलेला नसतो, सूत्राने काढलेला असतो. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं, आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भागही वजा करायचा. समजा एकूण २१०, एचडीएल ३५, ट्रायग्लिसराइड ३००. मग २१० वजा ३५ वजा ६०, एलडीएल आलं ११५. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र चालत नाही. तेव्हा एलडीएल थेट मोजून मागा.

घरात कोणाला लवकर, म्हणजे पुरुषांत ५५ आणि बायकांत ६० च्या आत हार्ट अटॅक आला असेल, किंवा एलडीएल १९० च्या वर निघालं असेल, तर सख्ख्या सगळ्यांची तपासणी करा, मुलांचीसुद्धा. अशा घरांनी लायपोप्रोटीन-ए आयुष्यात एकदा तपासून घ्यावं. ते जवळजवळ पूर्णपणे जनुकांवर ठरतं आणि पथ्याने फारसं हलत नाही, म्हणून वारंवार करायची गरज नसते. आमच्याकडे ती चाचणी होत नाही, नमुना बाहेर पाठवावा लागतो, तेव्हा आधी फोन करून या.

तुरीचं_वावर, शनिवारी सकाळी साडेसातला उघडतो. त्या भावाला उपाशीपोटी आणा, त्याच्या मुलांनाही घेऊन या, आणि वडील आणि भाऊ कितव्या वर्षी गेले ते कागदावर लिहून आणायला सांगा. तो कागद रिपोर्टसोबत डॉक्टरांना दाखवायचा आहे.